इटालियन घरचा स्वयंपाक: फडताळापासून ताटापर्यंत

इटालियन स्वयंपाक शिकायचा ठरवला की बहुतेक जण आधी दुकान गाठतात आणि चूक तिथेच होते. मिक्स हर्ब्जची बाटली, पास्ता सॉसची बरणी, पिझ्झावर टाकायचं किसलेलं चीज, क्रीमचा डबा अशी पिशवी भरून घरी येते आणि आठवड्याभरात प्रत्येक पदार्थ एकाच चवीचा लागायला लागतो. इटलीतल्या घरी रोजच्या पदार्थात पाच-सहा जिन्नस असतात, कधी कधी तीनच. जिन्नस एवढे थोडे असले की त्यातला एकही हिणकस चालत नाही, आणि शिजवताना झालेली चूक झाकायला मसालाही हाताशी नसतो. म्हणून खरेदी नीट करा आणि चार-पाच पद्धती पक्क्या करा. पाककृती त्यातून आपोआप सुचत जातात.

खालची सगळी मापं चार माणसांची आहेत.

१. आधी नकाशा बघा

सगळ्या इटलीचं मिळून एकच असं जेवण नाही. इटली हा देश झाला १८६१ साली. त्याआधी तिथे छोटी-मोठी राज्यं होती आणि प्रत्येकाची चूल वेगळी होती. आज देशात २० प्रांत आहेत आणि जेवण अजूनही प्रांताचंच मानलं जातं. उत्तरेत पो नदीच्या खोऱ्यात लोणी, तांदूळ आणि मक्याच्या पिठाची पोलेंता. तिथल्याच एमिलिया-रोमान्यात अंड्यात मळलेला ताजा पास्ता, आणि मध्यभागी टस्कनीत घेवड्याचे प्रकार आणि चक्क बिनमिठाचा पाव. दक्षिणेत ऑलिव्ह तेल, कडक गव्हाचा सुका पास्ता, टोमॅटो, वांगी. पदार्थ करायला घेताना तो कुठला आहे हे आधी विचारा. म्हणजे त्यात लोणी पडणार की तेल, चीज गाईचं की मेंढीचं, हे पुन्हा विचारावं लागत नाही.

मार्को पोलोने चीनहून पास्ता आणला ही गोष्ट सोडून द्या. तो व्हेनिसला परतला १२९५ साली, आणि ११५४ मध्येच अल-इद्रिसी या भूगोलकाराने सिसिलीत पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी सुका पास्ता बनतो आणि जहाजांनी बाहेर जातो असं लिहून ठेवलं आहे. टोमॅटो मात्र खरोखर पाहुणा. तो सोळाव्या शतकात अमेरिकेतून आला आणि पास्त्याशी त्याची जोडी जमायला एकोणिसावं शतक उजाडलं. घेवडा-राजम्याचीही तीच कथा. त्याआधी इटलीत खाल्ली जायची ती आपली चवळी. रोममधल्या कोलोन्ना चित्रसंग्रहात आन्निबाले कार्राच्चीचं सोळाव्या शतकातलं एक चित्र आहे, त्यात एक शेतकरी वाडग्यातून कडधान्य ओरपतोय. वाडग्यात आहे काळ्या डोळ्याची चवळी.

या स्वयंपाकाचा मोठा भाग गरिबीतून आला आहे, आणि इटालियन लोक त्याला ‘कुचीना पोव्हेरा’ म्हणजे गरिबाघरचा स्वयंपाक असं अभिमानाने म्हणतात. शिळा पाव टाकायचा नाही: तो सूपमध्ये घालून रिबोल्लीता होतं, पाण्यात भिजवून टोमॅटो-कांद्याबरोबर पांझानेल्ला होतो, चुरा करून तेलात परतला की चीज न परवडणाऱ्यांनी पास्त्यावर भुरभुरायचा तो पानग्रात्तातो होतो. ज्या घरात शिळ्या पोळीचा कुस्करा होतो त्या घराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

२. फडताळ भरा

सुका पास्ता. पाकिटावर एकच धान्य लिहिलेलं हवं, ड्युरम म्हणजे कडक गहू. इटलीत १९६७पासून कायद्याने सुका पास्ता ड्युरमच्या रव्याचाच लागतो. मैदा मिसळलेला पास्ता पाणी गढूळ करतो आणि बघता बघता बोटचेपा होतो. नंतर प्रथिनांचा आकडा बघा. १०० ग्रॅममागे १३ ग्रॅमच्या आसपास असेल तर उत्तम. शेवटी रंग आणि पोत. ब्राँझच्या साच्यातून काढलेला पास्ता फिकट आणि हाताला खरखरीत, पीठ लागल्यासारखा दिसतो. टेफ्लॉनच्या साच्यातला पिवळाधमक आणि गुळगुळीत असतो. खरखरीत घ्या, त्याला रस धरून राहतो. एक लांब (स्पागेत्ती), एक नळीचा (रिगातोनी किंवा पेन्ने) आणि सूपसाठी बारीक दितालीनी, एवढे तीन आकार पुरतात.

टोमॅटो. डब्यातले अख्खे सोललेले टोमॅटो, ज्यांना ‘पेलाती’ म्हणतात, ते घ्या. तुकडे केलेल्या टोमॅटोत आकार टिकावा म्हणून बऱ्याचदा कॅल्शियम क्लोराइड घालतात आणि मग ते शिजून एकजीव होत नाहीत. सान मार्झानो जातीचं नाव मोठं आहे, पण डब्यावर नुसतं नाव असून भागत नाही. अस्सल डब्यावर नेपल्स-सालेर्नोकडच्या सार्नेझे-नोचेरीनो पट्ट्याचं नाव आणि युरोपियन संघाचा लाल-पिवळा गोल शिक्का असतो. भारतात ताजे वापरायचे तर लांबट, गराचे, पूर्ण लाल टोमॅटो घ्या. गावठी टोमॅटो आमटीला छान, पण इथे फार आंबट आणि पाणीदार पडतात.

ऑलिव्ह तेल. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणजे फळ दाबून काढलेलं, रसायन न लावलेलं, आम्लता ०.८ टक्क्याच्या आत असलेलं तेल. ‘पोमेस’ लिहिलेलं तेल चोथ्यातून द्रावक वापरून काढून मग शुद्ध केलेलं असतं. ते तळणीला चालेल, वरून घालायला नाही. तेल घरी आणलं की चमचाभर नुसतं पिऊन बघा. ताजं तेल किंचित कडू लागतं आणि घशाला झोंबतं. तो त्याचा गुण आहे. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास आला तर मात्र ते परत करा. बाटली गडद काचेची किंवा डबा पत्र्याचा हवा, तो गॅसपासून लांब ठेवा आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा.

चीज. दोन पुरतात: पार्मिज्यानो रेज्यानो (गाईचं दूध, किमान १२ महिने मुरलेलं) आणि रोमकडच्या पदार्थांसाठी पेकोरीनो रोमानो (मेंढीचं दूध, जास्त खारट). तुकडाच घ्या आणि आयत्या वेळी किसा. किसून पाकिटात भरलेल्या चीजमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून भुकटी घातलेली असते, ती रसात नीट विरघळत नाही. शाकाहारी मंडळींनी हे नक्की वाचा: ही दोन्ही चीज प्राण्याच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजतात, पार्मिज्यानोला वासराचं आणि पेकोरीनोला कोकराचं. नियमच तसा आहे, त्यामुळे या नावाने विकलेलं खरं चीज शाकाहारी असूच शकत नाही. सूक्ष्मजीवांपासूनचं किंवा वनस्पतिजन्य रेनेट लिहिलेलं कडक, मुरलेलं चीज शोधा. नाही मिळालं तर वर सांगितलेला पानग्रात्तातो करा. ती तडजोड नाही, दक्षिण इटलीतली पद्धतच आहे.

तांदूळ. रिसोत्तो, म्हणजे लोणी-चीज घातलेला सरसरीत भात, करायला कार्नारोली किंवा आर्बोरिओ. नवशिक्याने कार्नारोली घ्यावा, तो जास्त शिजला तरी सांभाळून घेतो. आंबेमोहोर-इंद्रायणीचा रिसोत्तो चवीला बरा होतो, पण दाण्याचा गाभा टिकत नाही आणि शेवटी मऊ भातच हाती येतो.

कडधान्य. काबुली चणे, चवळी, अख्खा मसूर, पांढरा राजमा. हे बहुधा घरात असतंच. खपली गहूही ठेवा. इटलीत ‘फार्रो’ म्हणून जो गहू टस्कनीच्या गार्फान्यानात सूपमध्ये घालतात, तो आणि आपली खपली एकाच जातीचे.

बाकी किरकोळ: खडे मीठ, मिरी अख्खी, सुकी लाल मिरची, वाळवलेला ओरेगानो, मिठातले केपर्स (एका झुडपाच्या कळ्या; वापरण्याआधी धुवून दहा मिनिटं पाण्यात ठेवा), मांसाहारी असाल तर अँचोव्हीची (खारवलेल्या लहान माशांची) लहान बाटली.

हिरव्या पाल्याबाबत तीन गफलती हमखास होतात. बेझिलऐवजी तुळस घालतात. तुळशीला लवंगेसारखा उग्र वास असतो आणि तिने टोमॅटोची चव मोडते. बेझिल ही सब्जाच्या जातीची वनस्पती, पण बियांसाठी लावलेल्या सब्जाच्या पानांना तो गोड वास येईलच असं नाही, म्हणून कुंडीत गोड बेझिलचं रोप लावलेलं बरं. पार्सलीऐवजी कोथिंबीर घालतात. नसेल पार्सली तर काहीच घालू नका. आणि इटालियन ‘आल्लोरो’ (लॉरेलचं पान, इंग्रजीत बे लीफ) म्हणजे आपलं तमालपत्र नव्हे. तमालपत्र हे दालचिनीच्या अगदी जवळच्या झाडाचं पान आहे, त्याने सूपला मसालेभाताचा वास येतो.

३. भांडी

मोठं उंच पातेलं (पाच लिटर तरी), २८ सेंटिमीटरची रुंद कढई किंवा पॅन, जाड बुडाचं पातेलं, लांब चिमटा, झारा, बारीक किसणी आणि वजनकाटा. वजनकाटा टाळू नका. पास्ता अंदाजाने घेतला की दुप्पट होतो. एका माणसाला ८० ग्रॅम सुका पास्ता हे घरगुती माप.

४. सोफ्रित्तो: पाया

एक कांदा, अर्धं गाजर, सेलरीचा एक दांडा. कांदा दोन वाटे, बाकी दोन्ही एकेक वाटा. सगळं अगदी बारीक चिरायचं. कच्च्या चिरलेल्याला बात्तूतो म्हणतात, परतलं की ते सोफ्रित्तो. चार चमचे ऑलिव्ह तेलात, मंद आचेवर, चिमूटभर मीठ घालून १२ ते १५ मिनिटं.

आपला हात इथे चुकतो. कांदा गुलाबी-तांबूस होईपर्यंत परतायची सवय असते, तेल कडकडीत तापवायची सवय असते. इथे कांदा रंग न बदलता काचेसारखा पारदर्शक आणि गोड व्हायला हवा. कढईतून चरचर मोठी येत असेल तर आच जास्त आहे. ऐकू येईल न येईल अशी कुजबुज हवी. कोरडं पडायला लागलं तर तेल वाढवू नका, चमचाभर पाणी शिंपडा. आपला लाल कांदा जास्त तिखट असतो, म्हणून तो जरा कमी घ्या आणि पाच मिनिटं जास्त द्या.

लसूण सहसा या तिघांत पडत नाही. कांदा किंवा लसूण, दोनपैकी एकाने सुरुवात होते. लसणीची अख्खी पाकळी चेचून तेलात घालतात आणि वास उतरला की काढून टाकतात. लसूण तांबूस झाली की कडवटपणा येतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही. तशी झाली तर तेल टाकून पुन्हा सुरुवात करा.

५. पास्ता: पाणी, मीठ आणि मिळून येणं

इटलीत पाठ करून घेतात तो हिशोब १०-१००-१००० असा: १० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम पास्ता, १००० मिलिलिटर पाणी. म्हणजे ३२० ग्रॅमला सव्वातीन लिटर पाणी आणि सपाट सहा छोटे चमचे मीठ. ‘पाणी समुद्राएवढं खारट हवं’ असं ऐकाल तर मनावर घेऊ नका. समुद्रात लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ असतं, तसं पाणी घेतलं तर पास्ता तोंडात धरवणार नाही.

पाणी खळखळून उकळल्यावर मीठ, मग पास्ता, आणि पहिलं मिनिटभर ढवळत राहायचं, कारण चिकटतो तो तेव्हाच. पाण्यात तेल घालायचं नाही. ते वर तरंगतं आणि उपसताना पास्त्याला लागून रस घसरवतं. शिजल्यावर गार पाण्याने धुवायचा नाही. स्पागेत्ती मोडायची नाही; अर्धी बाहेर राहिली तरी अर्ध्या मिनिटात वाकून आत जाते.

पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी एक तुकडा दाताने तोडून त्याचा छेद बघा. मध्ये खडूसारखा पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा राहिला की पास्ता उपसायची वेळ झाली. उरलेलं शिजणं रसात होतं.

आता खरी गोष्ट. आमटी ‘मिळून आली’ असं आपण म्हणतो, म्हणजे पाणी वेगळं आणि डाळ वेगळी राहत नाही. पास्त्यातही नेमकं तेच साधायचं असतं आणि ते साधतं पास्त्याच्या पाण्याने. त्यात पास्त्यातून सुटलेलं पिष्ट असतं, भात वेळल्यावर जी पेज निघते तसं. हे पिष्ट तेल आणि पाणी यांना धरून ठेवतं आणि दोन्ही मिळून सायीसारखा रस होतो. म्हणून पास्ता चाळणीत ओतून सगळं पाणी मोरीत सोडणं ही सर्वांत महाग चूक. उपसण्याआधी दोन वाट्या पाणी बाजूला काढा, किंवा चिमट्याने पास्ता थेट कढईत न्या.

सरावाला ‘आल्यो ए ओल्यो’, म्हणजे लसूण-तेलातला पास्ता घ्या, कारण यात लपायला जागा नाही. ३२० ग्रॅम स्पागेत्ती, ८० मिलिलिटर ऑलिव्ह तेल, लसणीच्या तीन मोठ्या पाकळ्यांच्या पातळ चकत्या, दोन सुक्या मिरच्या, चिरलेली पार्सली.

तेल गार असतानाच त्यात लसूण आणि मिरची घाला आणि मग गॅस अगदी बारीक पेटवा. चकत्यांभोवती बारीक बुडबुडे येतात, पाच-सहा मिनिटांत कडा सोनेरी व्हायला लागतात. लगेच पास्त्याचं अर्धी वाटी पाणी घालून आच थांबवा. लसूण पुढे जात नाही. दोन मिनिटं कमी शिजलेली स्पागेत्ती कढईत टाका, आणखी एक वाटी पाणी घाला, गॅस मोठा करा आणि चिमट्याने सतत फिरवत राहा. पहिलं मिनिट तळाशी पाणी आणि वर तेलाचे डोळे असं दिसेल, घाबरू नका. दीड-दोन मिनिटांत पाणी आळतं, डोळे नाहीसे होतात आणि तळाशी पांढरट, दाटसर रस उरतो. चिमटा फिरवला की ओलसर, चपचप असा आवाज येतो. तिथे थांबा, पार्सली घाला, वाढा. रस कोरडा पडून पुन्हा नुसतं तेल दिसायला लागलं तर दोन चमचे पाणी घालून परत फिरवा, तो परत मिळून येतो. यात चीज घालायची पद्धत नाही.

हे एकदा हाताला बसलं की क्रीमचा डबा विकत घ्यायची गरज संपते.

६. टोमॅटोचा सुगो, म्हणजे पास्त्यासाठीचा रस

४०० ग्रॅम पेलाती, चार मोठे चमचे तेल, चेचलेली लसणीची एक पाकळी, बेझिलची पाच-सहा पानं, मीठ. टोमॅटो हाताने कुस्करून घ्या. मिक्सर लावला तर हवा मिसळून रंग नारिंगी होतो आणि बिया फुटून कडवटपणा येतो.

तेलात लसूण मंद आचेवर दोन मिनिटं, टोमॅटो, मीठ, बेझिलची निम्मी पानं. झाकण तिरपं ठेवून २० ते २५ मिनिटं मंद शिजवा. सुरुवातीला बारीक आणि भरभर उकळी असते. रस आळत आला की बुडबुडे मोठे आणि संथ होतात, फद फद असा आवाज येतो, कडेने तेल सुटतं. तेल सुटणं ही खूण आपल्या ओळखीची आहे, पण इथे त्याच्या पुढे भाजत न्यायचं नाही. मसाल्यासारखं तांबूस झालं तर टोमॅटोचा ताजेपणा गेला. लसूण काढा, उरलेली पानं हाताने तोडून घाला.

ताजे टोमॅटो असतील तर ८०० ग्रॅम घ्या, तळाशी फुली मारून उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाका, साल आणि बिया काढा. आंबट वाटले तर साखर ओतण्याऐवजी सुरुवातीला तेलात थोडं बारीक चिरलेलं गाजर मंद परतून घ्या, त्याचा गोडवा मऊ असतो. आलं, जिरं, गरम मसाला, केचप यातलं काहीही नाही, आणि ओरेगानोही इथे लागत नाही.

सुगोत पास्ता घातल्यावरही वरचाच नियम: पाणी, मोठी आच, फिरवत राहणं. चीज गॅस बंद केल्यावर.

७. कडधान्यं आणि बेसन

पास्ता ए चेची, म्हणजे चण्यांतला पास्ता. २५० ग्रॅम काबुली चणे १२ तास भिजवा. त्याच्या तिप्पट-चौपट पाण्यात लसणीची पाकळी आणि रोझमेरीची काडी घालून कुकरला मऊ शिजवा. कुकर इटालियन घरांतही असतो, त्यात कमीपणा नाही. शिजलेले एक तृतीयांश चणे थोड्या पाण्याबरोबर वाटून परत मिसळा.

जाड बुडाच्या पातेल्यात तीन चमचे तेल, लसूण, रोझमेरी, हवी तर अँचोव्हीची एक पट्टी (ती तेलात विरघळते), दोन-तीन कुस्करलेले टोमॅटो. पाच मिनिटांनी चणे त्यांच्या पाण्यासकट, मीठ, आणि उकळी आली की १५० ग्रॅम दितालीनी त्यातच. सारखं ढवळा, तळाला लागतं. पास्ता शिजला की गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा. चमचा रोवला तर हळूहळू कलेल इतकं दाट हवं. वाढल्यावर प्रत्येक ताटलीत कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार आणि मिरी. भातावरच्या तुपाएवढीच ही धार गरजेची आहे, ती वगळू नका.

बेसनाचे दोन प्रकार मराठी हाताला लगेच जमतात. सिसिलीतली पानेल्ले: २५० ग्रॅम बेसन, ७५० मिलिलिटर गार पाणी, मीठ. गुठळ्या मोडून सतत ढवळत शिजवा, गोळा पातेल्याची कड सोडायला लागला की चिरलेली पार्सली घालून तेल लावलेल्या ताटावर पाच मिलिमीटर जाड थापा. गार झाल्यावर वड्या पाडून तळा आणि लिंबू पिळून पावात घाला. पाटवडीच आहे, फक्त फोडणी नाही. लिगुरिया प्रांतातल्या फारिनातालाही एकास तीन हेच प्रमाण, पण ते पीठ चार-पाच तास मुरवून, वरचा फेस काढून, भरपूर तेलाच्या थाळ्यात ओव्हनच्या कमाल तापमानाला भाजतात. फेस काढला नाही तर वर कडवट पापुद्रा धरतो.

८. रिसोत्तो

पहिली सूचना: तांदूळ धुवू नका. हात आपोआप नळाकडे जाईल, आवरा. दाण्यावरचं पिष्टच रिसोत्तोला दाटपणा देतं.

३२० ग्रॅम तांदूळ, सव्वा लिटर भाज्यांचं पाणी (कांदा, गाजर, सेलरी अर्धा तास उकळून गाळलेलं, पार्मिज्यानोची उरलेली कड त्यात टाकली तर फारच छान), एक लहान कांदा, ६० ग्रॅम लोणी, १०० मिलिलिटर कोरडी पांढरी वाइन, ६० ग्रॅम किसलेलं चीज.

निम्म्या लोण्यात कांदा पारदर्शक करा. तांदूळ घालून दोन-तीन मिनिटं कोरडाच परता. दाणा बोटाला चटका देईल इतका गरम झाला आणि कडा काचेसारख्या दिसल्या की वाइन ओता आणि उडू द्या. वाइन वापरायची नसेल तर शेवटी लिंबाच्या रसाचे काही थेंब घाला, आंबटपणा कुठून तरी यायलाच हवा. मग उकळतं भाज्यांचं पाणी डावाडावाने. पाणी गार असलं तर दाणा बाहेरून फुटतो आणि आत कच्चट राहतो. १६ ते १८ मिनिटांत दाणा आत किंचित टणक राहील.

गॅस बंद. एक मिनिट थांबा. फ्रिजमधून काढलेलं उरलेलं गार लोणी आणि चीज घालून जोरात ढवळा. ताट तिरपं केलं की रिसोत्तो लाटेसारखा संथ वाहायला हवा. ताटात ढीग करून उभा राहिला तर तो घट्ट झाला. डावभर गरम पाण्याने सैल करा. हा पदार्थ थांबत नाही, मंडळींना आधी पानावर बसवा. मिलानचा पिवळा रिसोत्तो हवा असेल तर केशर गरम पाण्यात भिजवून शेवटच्या पाच मिनिटांत.

९. हाताने वळलेला पास्ता

एमिलियातल्या अंड्याच्या पास्त्याला १०० ग्रॅम बारीक पिठामागे एक अंडं. तो लाटण्यात सराव लागतो, म्हणून सुरुवात दक्षिणेकडून करा: ड्युरमचं बारीक पीठ आणि कोमट पाणी, बस्स. अंडं नाही. बन्सी गहू हा ड्युरमच. त्याचा रवा मिक्सरमधून बारीक करून मैद्याच्या चाळणीने चाळून घेतला की काम होतं.

४०० ग्रॅम पीठ, २०० मिलिलिटर कोमट पाणी. दहा मिनिटं मळा, पोळीच्या कणकेपेक्षा बरीच घट्ट कणीक हवी. सैल झाली तर आकार धरत नाही, घट्ट असून चिरा पडत असतील तर हात ओला करून आणखी मळा. झाकून अर्धा तास ठेवा. करंगळीएवढ्या जाड वळ्या करून एकेक सेंटिमीटरचे तुकडे पाडा. तुकड्यावर दोन बोटांची टोकं दाबून आपल्याकडे ओढलं की काव्हातेल्ली होते. बोथट सुरीने तुकडा ओढून, अंगठ्यावर उलटा केला की कानाच्या पाळीसारखी ओरेक्येत्ते. पुल्या प्रांतातल्या बारी शहरात, जुन्या वस्तीच्या आर्को बास्सो गल्लीत बायका दारात टेबल मांडून हेच करतात. ज्यांच्या घरी वळवट होत असे, गव्हले, मालत्या, नखुले, त्यांना ही हालचाल शिकवावी लागणार नाही. नखुल्याला नख लावतात, इथे बोटाचं टोक, एवढाच फरक.

वळलेला पास्ता पीठ भुरभुरलेल्या कापडावर एकमेकांना न चिकटता पसरा. लगेच शिजवला तर चार-पाच मिनिटं, रात्रभर वाळवला तर आठ ते दहा. बारीत त्याबरोबर चिमे दी रापा ही कडवट पालेभाजी असते, पास्त्याच्याच पाण्यात त्याच्याबरोबर उकडलेली. तिच्या जागी मोहरीचा किंवा मुळ्याचा पाला घ्या, पास्त्याआधी चार मिनिटं पाण्यात टाका, दोन्ही एकदम उपसून लसूण-मिरचीच्या तेलात पाचव्या पायरीप्रमाणे मिळवून आणा, वरून तेलात परतलेला पावाचा चुरा.

उरलेला पास्ता दुसऱ्या दिवशी गरम करू नका, तो गिजगिजा होतो. चार अंडी आणि थोडं चीज फेटून त्यात मिसळा आणि तेल लावलेल्या पॅनमध्ये मंद आचेवर दोन्ही बाजूंनी सात-आठ मिनिटं खरपूस भाजा. नेपल्सकडे हे फ्रित्ताता डब्यात घालून सहलीला नेतात. गार झाल्यावरच त्याच्या नीट फोडी पडतात.